रेपो पळायला लागला आणि माझं लग्न अडलं

ती. मामीस,

तुझ्या एकुलत्या एका भाच्याचा (एकच आहे हे बरं, असं तूच म्हणतेस) साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मामाच्या घोरण्याची शेजाऱ्यांना सवय झाली का? मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण मी मुळीच खुशाल नाही. ऑफिसात मी इतकं उत्तम काम करून ठेवलंय की माझ्याशी कोणी धड बोलत नाही. त्यात तीसुद्धा आली. ती म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची टेस्टर, आमच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारी. (फोनवर तुला ‘कोणी नाही गं’ म्हणालो होतो ना, तीच ही कोणी नाही.)

तर आमचा रेपो. रेपो म्हणजे कंपनीने जन्मापासून लिहिलेल्या सगळ्या प्रोग्रामचं कोठार, कोणी कधी काय बदललं त्या इतिहासासकट. प्रत्येकाच्या मशीनवर त्याची अख्खी प्रत असते. ‘मी आज काय काय बदललं?’ एवढं साधं विचारलं, की मशीन लाखो फाइलींपैकी एकेकीच्या दारात जाऊन ‘तू बदललीस का गं?’ अशी चौकशी करत हिंडायचं. गॅस बंद आहे का ते बघायला तू मामाला पाठवतेस आणि तो शेजाऱ्यांचेही गॅस बघून येतो, तसंच. तोवर आम्ही रिकामे. डेटाबेसवाले काका स्वेटर विणायचे आणि मी तिच्याशी बोलायचो. ढगांपासून सुरुवात झाली, मग तिच्या बाबांची दाढदुखी, मग गाणारी माणसं तिला का सहन होत नाहीत. (मी गाणं सोडलं. मामाला सांग, त्याला आनंद होईल.) पुढचा विषय लग्नाचाच होता. मी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी विचारलं, हा रेपो वेगवान कोण करून दाखवतो? ती माझ्याकडे बघत होती गं. माझा हात आपोआप वर गेला.

मी दोन गोष्टी केल्या. एक, प्रत्येक मशीनवर पहारेकरी बसवला, म्हणजे कुठली फाइल हलली ते टिपून ठेवणारा छोटा प्रोग्राम. आता हलली असेल तिलाच विचारायचं, बाकीच्यांची झोपमोड नाही. दोन, ज्याला जे फोल्डर लागतात तेवढेच त्याच्या मशीनवर ठेवले, उरलेले सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या सामाईक मोठ्या मशीनवर, सुखरूप. सगळ्यांना तसं मेलनं कळवलंही. पण साहेब मेल पाठवतात, वाचत नाहीत. सकाळी त्यांनी मशीन उघडलं, तर शेकडो फोल्डरांच्या जागी एकच. (त्यांना खरोखर लागतो असा एकच निघाला, त्याला मी काय करू? त्यात सुट्ट्यांचा तक्ता होता.) साहेबांना वाटलं, कंपनी पुसली गेली. ‘सगळं गेलं!’ असं ओरडत ते धावले आणि उरलंसुरलं वाचवावं म्हणून त्यांनी सर्व्हरची वायरच भिंतीतून उपटली. मग मात्र खरोखरच सगळ्यांचं सगळं बंद पडलं. त्यांना पाणी पाजून, पंख्याखाली बसवून, वायर परत लावेपर्यंत माझ्या तोंडाला फेस आला.

पण रेपो पळायला लागला गं! बटणावरून बोट उचलायच्या आत उत्तर हजर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आता दिवसभर कामच करावं लागणार. काकांचा स्वेटर एका बाहीवर अडलाय. तो तसाच घालून ते माझ्याकडे रोखून बघत बसतात. आणि ती? मी म्हणतो, आज ढग आलेत. ती ‘हो’ म्हणेपर्यंत तिचं काम पुढे गेलेलं असतं. इतकं भराभर, की खूश होऊन साहेब तिला सोमवारपासून वरच्या मजल्यावर बसवणार आहेत. तिथे माझं काय काम, सांग!

परवा ती आपणहून आली आणि म्हणाली, मशीन पुन्हा हळू झालंय, बघतोस का? बघतो तर काय, पहारेकरी बंद, सगळे फोल्डर परत आणलेले! कोणीतरी मुद्दाम केलं होतं. मी चुटकीसरशी दुरुस्त करून दिलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि निघून गेली. काल पुन्हा तेच. या वेळी मी पहारेकऱ्याला कुलूपच लावून दिलं. तिने धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. माझं नशीबच फुटकं.

तुझा,
कर्तबगार भाचा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण असं, की तू रविवारी ये आणि तिच्या बाबांशी बोलून घे. सोमवारी उशीर होईल. मामाला आणू नकोस, तो दाढेवर औषधं सांगत बसेल.

ता. क. २. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात ती आली. कुलूप तोडलेलं! म्हटलं, हे करतंय तरी कोण? म्हणाली, ‘मी.’ म्हटलं, मग पहारेकरी परत चालू करून देऊ? म्हणाली, ‘केलंस तर बघ,’ आणि खुर्ची ओढून समोर बसली. मामी, रविवारी तू यायची घाई करू नकोस. विचारायचं ते मीच विचारतो. मशीन आत्ता कुठे पहिल्या फोल्डरवर आहे.