बुधवारची गढी आणि जामचा थांबा

हिंगणघाट, १२ मार्च, गुरुवार, संध्याकाळ

लेकीचा, माधुरीचा, फ्रान्सहून आत्ताच फोन येऊन गेला. मे महिन्यात मी तिच्याकडे जाणार, तर तिने सहलींची यादीच वाचून दाखवली. सोमवारी द्राक्षमळे, मंगळवारी नदीवर नाव, बुधवारी टेकडीवरची जुनी गढी. गढी ऐकताच मन केव्हाच वर चढून गेलं. पण बुधवारी तिला सुट्टी नाही, मला एकट्यानेच जायचंय.

"बाबा, लय सोपं आहे. दहाले बसमधे बसा, गढी पाहा, अन् चारले त्याच थांब्यावर उभे राहा. काढू तिकीट?"

"काढ," म्हणालो. काऊन म्हणालो?

तिला जामचं सांगितलंच नाही. मागच्या आठवड्यात बहिणीकडे समुद्रपूरला निघालो, बस बदलायला जामला उतरलो, आणि कुठे जायचं तेच आठवेना. चहावाला म्हणाला, "काकाजी, कोठी जाऊन राह्यले?" मी नुसता हसलो. चौथीतली कविता तेव्हाही अख्खी पाठ होती, बहिणीचं गाव तेवढं नव्हतं. ते अर्ध्या तासाने आलं. जामला निदान आपल्या भाषेत विचारणारा कोणी होता. त्या गढीखाली कोण विचारेल?

शाळेची सहल नेताना मी लहानग्यांच्या खिशाला नावगावाची चिठ्ठी टाचायचो. हरवलं तर रडायचं नाही, चिठ्ठी दाखवायची.

उद्या फोन करतो. जामचं सगळं सांगतो. आणि म्हणतो, माधुरी, गढी पाह्यचीच आहे मले, पण माह्या खिशाले चिठ्ठी तू टाचजो.