रांजणातले सतरा अंश

आत्याबाई, गेल्या आठवड्यात घरात आलं ते असं: येरमाळ्याहून रिक्षानं वाइनच्या सहा बाटल्या, भाडं साठ रुपये, वाळूच्या दोन गोण्या, ऐंशी. बाटल्या फुकट, आपल्याच द्राक्षांच्या आहेत. तुमच्या नातवानं बाग लावलीय, वाइनचा कारखानदार माल नेतो. तो बागेतच हॉटेलवाल्या पाहुण्यांना ही वाइन पाजणार होता. त्यांना आवडली तर पुढची सगळी बाग तो घेणार, नाहीतर नाही.

"सोळा ते अठरा अंशात ठेवा, आडव्या ठेवा," असा त्याचा निरोप. फ्रीजमध्ये फार गार, घरावर तापलेले पत्रे. पोरगं डोकं धरून बसलं. मी येडाईचे मंगळवार धरणारी, दारूला हात कसा लावू? पण त्याचं तोंड बघवेना. देवीपुढं नाक घासलं अन् मागच्या अंगणात गेले.

तुमच्या पाण्याच्या रांजणात मी मोगरा लावला होता. तो काढला, रांजण धुतला, लिंबाखाली ओल्या वाळूत आडवा केला. आत बाटल्या, तोंडावर ओलं गोणपाट. पाणी ओतताना वाटलं, तुम्ही शेजारीच उभ्या आहात. मी नवी नवरी, बादली उपडी करते, अन् तुम्ही खेकसता, "चिखल करतीस व्हय गं? वाळू ओली पायजे, वारा आत जायला पायजे. अन् तळहातानं काय बघतीस? त्यो चुलीनं मेलाय. हात पालथा लाव!" सात दिवस पालथा हात लावून बघितलं, तेवढंच पाणी शिंपडलं.

कारखानदार पाहुण्यांना घेऊन आधी रांजणापाशीच आला, बाटली उघडून त्यानं थर्मामीटर घातला. सतरा. दुसरी उघडली. सतरा.

"मावशी, मशीन कुठलं?"

"सासूबाई," मी म्हणाले.

पाहुणे हसले. तो हसला नाही, वाकून वाळूला हात लावू लागला. "पालथा लावा," मी म्हटलं. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा पेले पुढं केले, तेव्हा पोरानं माझ्याकडं बघितलं.

आत्याबाई, अंश हा शब्द तुमच्या कानावर कधी पडला नसेल. मी मॅट्रिक, पैचा हिशेब लिहिणारी. पण तुमच्या हातात हे कुठून आलं, याचा मेळ मला लागत नाही.

फ्रीज आणला त्या उन्हाळ्यात मोगऱ्यासाठी रांजणाच्या बुडाला भोक मीच पाडलं, तुमच्यादेखत. तुम्ही फ्रीजचं पाणी शेवटपर्यंत प्यायला नाहीत. मी त्याला हेका म्हणत आले. ते भोक आता चिंधीनं बुजवलंय. हे पत्र टाकायचं कुठं, ठाऊक नाही, वहीतच राहील. तरी राग गेला असला तर उलट टपाली कळवा.