चाळीस किलोमीटरवाले

आबा, रविवारी आष्ट्याजवळ घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत होती आणि मी पुन्हा चाळीस किलोमीटरलाच नाव दिलं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी अर्ज भरताना तुमचा राग आला. चाळीसला उतरते म्हणून पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात घोडीसाठी हरभरे निवडत बसला होता. मान वर न करता म्हणालात, "चाळीस? ते तर घोडीचं पाय मोकळं करणं हाय. पलटणीत आमी तेवढं रोजचंच करायचो." आई हसली. मीही हसले आणि ऐंशीचा अर्ज भरला.

त्या ऐंशीची शेवटची फेरी मला अजून दिसते. उसाच्या फडांमधल्या रस्त्याने घोडी चाललीय, मान खाली गेलीय, आणि मी टाच मारतेय. तपासणीला घोड्यांच्या डॉक्टरांनी तिला दुडक्या चालीने पळवून दाखवायला सांगितलं, तर ती पुढचा उजवा पाय टेकेचना. बाद. तुम्ही तिच्या पायावरून हात फिरवलात, माझ्याकडे बघितलंही नाही. टेम्पोत बसल्यावर एवढंच म्हणालात, "घोडी न्हाई हरली. तू हरलीस." तिच्या पाठीवर पुन्हा खोगीर चढलं नाही. तिला ऐंशीला उतरवायची हौस कुणाची होती, यावर तुम्ही कधी बोलला नाहीत. दोन महिन्यांत गेलातच. भांडायचं कुणाशी?

आता मी तिच्या लेकीवर बसते. चाळीसमध्ये काय असतं ते हिनं शिकवलं. वेग आवरायचा, चढ आला की उतरून बरोबरीनं चालायचं, पाणी दिसलं की थांबायचं. पोचल्यावर हृदयाचे ठोके वेळेत खाली आले आणि चारही पाय नीट पडले, तरच शर्यत पुरी. रविवारी डॉक्टर म्हणाले, "ताई, हिला अजून पळायचंय, बघा." मला रडूच आलं.

बक्षिसांच्या वेळी ऐंशीवाल्यांना फेटे बांधले. आमची पाळी येईतोवर मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागला होता. माईकवरचा गृहस्थ म्हणाला, "आता आपले हौशी चाळीसवाले!" शेजारी ऐंशी पळून आलेले एक निवृत्त सुभेदार उभे होते. त्यांच्या दमलेल्या घोड्याला मांडवामागे सलाईन लावलेलं. तरी मला म्हणाले, "आवं ताई, घोडी लय झ्याक हाय. आता खरी शर्यत करा की."

"खरी कुठली ते तुमच्या घोड्याला विचारा," मी म्हटलं.

ते वळून घोड्याकडे गेले. मला बरं वाटायला हवं होतं; वाटलं नाही. ते वाक्य तुम्हाला तोंडावर ऐकवायचं होतं, आणि खर्ची पडलं एका परक्या माणसावर. हातातल्या प्रमाणपत्रावर तर माझं नावसुद्धा चुकलेलं.

हे पत्र घडी करून खोगिराच्या पेटीत टाकतेय. एक मात्र कबूल करते. रविवारी सकाळी ऐंशीवाले सुटले तेव्हा घोडी निवांत गवत खात उभी होती. त्यांच्यामागे जायची घाई मलाच झाली होती.