राजाराम, आकांक्षाला पाय दाखव

लालबाग, मुंबई
रविवार, दुपारची जेवणं उरकून

चिरंजीव राजाराम यास थोरल्या बहिणीचा, म्हणजे माझा, लक्ष्मीचा आशीर्वाद. (सत्तरी उलटलेल्या, दात काढून डबीत ठेवणाऱ्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात अडखळतो, पण धाकटा तो धाकटाच.) तुझा खोकला, तुझ्या बायकोची कंबर आणि गोठ्यातली म्हैस, तिघांची खुशाली कळव. म्हशीची आधी कळव, तिची खबर तरी खरी असते. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत असं मला वाटत होतं. आता तसं वाटत नाही, म्हणून हे पत्र. फोनच केला असता, पण पायाचा विषय निघाला की तुझ्या गावातलं नेटवर्क जातं. पत्र मध्येच कापता येत नाही.

मुद्दा आधीच सांगते. माझ्या नातीला, आकांक्षाला, तुझे पाय तपासायचे आहेत आणि तू तिला नाही म्हणालास. तिची इतक्या वर्षांची मेहनत तुझ्या दोन वाकड्या पायांपाशी येऊन अडली आहे. आता पुढचं निवांत वाच.

आकांक्षा नसांची डॉक्टर आहे हे तुला माहीत आहे, पण कुठल्या नसांची ते तुला माहीत नाही, चाळीलाही नव्हतं. लोकांना वाटायचं मेंदूची. मी सांगितलं, मेंदूचे डॉक्टर ढीगभर आहेत, आमची मुलगी हातापायांच्या नसा बघते. चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून चाळीतल्या बायका टाचेच्या भेगा आणि कुरुपं घेऊन दारात. ती बिचारी प्रत्येकीला समजावते की भेगा वेगळ्या आणि नसा वेगळ्या. (मी सगळ्यांना कोकम तेल सांगून वाटेला लावते.) परळच्या हॉस्पिटलात दिवसभर पेशंट, आणि संध्याकाळी इतर डॉक्टर घरी गेले की हिचं संशोधन. परदेशातल्या मासिकात तिचं लिहिलेलं छापून आलं. मी उघडून बघितलं तर तिचा फोटोच नाही, कुणाच्या तरी नसेचा फोटो! लहानपणी ही माझ्या चालण्याची नक्कल करायची, गुडघा उंच उचलून पाय आपटत. तेव्हा मी धपाटा घातला होता. आता तसल्याच चालीवर ती मोठमोठ्या डॉक्टरांसमोर भाषणं देते आणि ते टाळ्या वाजवतात.

तर संक्रांतीच्या सुमारास ती म्हणाली, आजी, आजारी माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत, ताडून बघायला मला निरोगी बायका हव्यात, तुझ्या वयाच्या. मी म्हटलं, एवढंच ना? आमच्या अनुजाचं हळदीकुंकू होतंच. (हळदीकुंकू सुनेचं, खोली माझी. विधवेने पुढे पुढे करू नये म्हणणाऱ्या दोघीजणी होत्या, पण वाण म्हणून स्टीलचा डबा आहे कळल्यावर त्याही आल्या.) आधी हळदीकुंकू, मग तिळगूळ, मग पाय, मग डबा, असा क्रम मी लावून दिला. डबा शेवटी, कारण आपली माणसं मी ओळखते.

तपासणी साधी होती. डोळे मिटायचे, ती तळपायाला नायलॉनचा धागा टोचणार, आपल्याकडे गळाला असतो तसला, आणि विचारणार, लागलं का? लागलं तर हो, नाही तर नाही. मी आदल्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं, पोरगी शिकतेय, तिचा हिरमोड करायचा नाही. त्यामुळे एकजात सगळ्या हो म्हणाल्या. समोरच्या खोलीतली सुचित्रा तर विचारायच्या आधीच हो म्हणायची. आकांक्षा खूश होईल म्हणून मी बघत होते, तर तिचा चेहरा उतरत चाललेला. शेवटी कळलं की मध्ये मध्ये ती धागा लावतच नव्हती, नुसतंच विचारत होती. तरी बायका हो म्हणत होत्या! सुचित्राला जाब विचारला तर म्हणते, "अगो, पोरीला नापास कसं करायचं? आणि डबा मिळायचाय अजून."

एवढी दुपार फुकट गेली, पण पोरगी ओरडली नाही. (ही शांतता तिच्या आजोबांची. कुशाबाही असेच गप्प बसून माणसाला लाज आणायचे.) फक्त म्हणाली, आजी, तू पण हो म्हणालीस, आणि तुझ्या पायाला मी एकदाही हात लावला नव्हता.

मग मला परळला नेलं आणि मशीनला जोडलं. मशीनला तिळगूळ देऊन चालत नाही. गुडघ्याखाली करंट देतात आणि पावलाचं बोट उडायला हवं. माझं उडेना. तिने करंट वाढवला. मी म्हटलं, बाई, हॉस्पिटलचं लाइटबिल वाढेल. ती हसली नाही. वहीएवढ्या पडद्यावर रेघ उमटली, ती सुद्धा अशी सावकाश की गणपतीत लालबागच्या नाक्यावर अडकलेली बस बरी. नंतर तिने समजावलं. वायरीवर प्लास्टिक असतं तसं नसांवर आवरण असतं, ते आपल्या घराण्यात जन्मापासूनच धड नाही. माझं कमी बिघडलंय, तुझं जास्त. बाबांची बारीक पोटरी, आत्याच्या तळपायाची उंच कमान, तुझं लोंबणारं पाऊल, सगळं एकच. निरोगी बायकांची पुढारी म्हणून गेले होते, पेशंट होऊन आले.

आता तुझं उत्तर. आकांक्षाने फोन केला तेव्हा तू म्हणालास, "माज्या पायांक काय एक झाला नाय, ह्यो राखणदाराचो कोप आसा," आणि फोन ठेवलास. राजाराम, राखणदाराने आजवर तुझे किती कोंबडे खाल्ले आणि एक तरी नस सरळ केली का? पण तो देव बिचारा उगाच मध्ये आलाय. तुझं खरं दुखणं मला ठाऊक आहे. रक्तातलं आहे असं कळलं तर तुझ्या नातीचं, मनवाचं लग्न कसं जमणार, हे तुझ्या डोक्यात आहे. आपल्या बाबांच्याही डोक्यात तेच होतं. मला बघायला पाहुणे आले तेव्हा मला आधीच पाटावर बसवून ठेवलं होतं, पावलांवर निऱ्या पसरून. लग्न झालं आणि मुंबईला आल्यावर भाजी आणायला गेले, तर एक चप्पल रस्त्यात कुठेतरी गळून पडली आणि मला पत्ताच नाही. एका पायाने अनवाणी घरी आले. कुशाबांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्याचे सँडल आणून ठेवले. त्यावर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही. जो नवरा पट्ट्याचे सँडल आणून देणार नाही, तो मनवाला मिळाला नाही तरी चालेल.

औषध अजून नाही, हे आकांक्षाने स्पष्ट सांगितलंय. पण पाय उचलून धरणारा पट्टा आहे, व्यायाम आहे, काही गोळ्या आपल्या लोकांनी घ्यायच्याच नसतात, ते कळतं. आणि औषध निघायचं असेल तर आमच्यासारख्या अर्धवट आजाऱ्यांवरून निघणार नाही, तुझ्यासारखा पक्का हवा. आयुष्यात पहिल्यांदा तू कशात तरी पक्का निघालास, तर मागे का सरतोस?

मी तिला विचारलं, हे मशीन तू स्वतःच्या पायाला लावलंस का? म्हणाली, "सगळ्यात आधी, आजी." आणि वाकून स्वतःच्या सँडलचा पट्टा आवळला. मी चहा टाकायला उठले.

तेव्हा पुढच्या महिन्यात मुंबईला ये. तुझ्या बायकोला आणि लेकरावासरांना माझा आशीर्वाद सांग.

तुझी,
लक्ष्मीताई

ता. क. मुंबईला येऊ नकोस. आकांक्षा सुट्टी काढून शनिवारी मशीन घेऊन तिकडेच येते आहे आणि गाडीत मी पण आहे. तू कबूल झालास असं मी तिला सांगून टाकलंय. बायकोला तांदळाच्या भाकऱ्या कर म्हणावं, आकांक्षाला आवडतात.

ता. क. दुसरा. तुला इतकं समजावलं, पण खरं तर त्याची गरज नव्हती. मनवाने परवा स्वतःच फोन केला होता. कॉलेजच्या जिन्यात तिचा पाय वरचेवर मुरगळतो, हे ती तुला सांगत नाही, कारण तू लगेच कोंबडा सोडशील. म्हणाली, आजी, मला कळून घ्यायचंय, लग्नाचं मी बघीन. तिचे पाय आधी तपासायचे ठरले आहेत. तुला रुसायचं असेल तर खुशाल ओटीवर तोंड फिरवून बस. फक्त पाय धुऊन बस आणि ते खाली सोडून बस, म्हणजे पोरीला फार वाकायला लागणार नाही.