तळघरातला झोका

१२ जानेवारी, सोमवार
बाहेर उणे चौतीस. शाळेची बस बंद. बायको लॉर्ना हॉस्पिटलात ड्युटीवर. घरात मी आणि आमची ब्रिट, वय सात. तिला ऑटिझम आहे; आवाज, उजेड, स्पर्श, सगळंच फार लागतं. आजवर आपणहून माझ्याजवळ एकदाही आलेली नाही.
संकल्प: तळघरात तिच्यासाठी खास खोली करायची. शुक्रवारी थेरपिस्ट ओक्रेनेट्झबाई येतील, तोवर पोरगी माझ्या मांडीवर असेल.

१३ जानेवारी
टबात दहा किलो तांदूळ, आत लपवलेली खेळणी. ब्रिटने एक बोट घातलं. मी लगेच सुरू: "ब्रिट हॅल्वरसनची मुसंडी, थेट आत!" गावातल्या आइस हॉकीच्या मॅचेसचा अनाउन्सर वीस वर्षं मीच आहे. माझ्या आवाजाने बर्फालासुद्धा घाम फुटतो.
ब्रिटने कानांवर आवाज अडवणारे इअरमफ चढवले आणि वर निघून गेली. तांदूळच चुकला. उद्या मसूर. मेव्हण्याच्या शेतातला आहे, पोती पडलीत.

१४ जानेवारी
मसूरही चुकला. शेव्हिंग फोमही.
लॉर्ना म्हणाली, जरा तोंड मिटून बस की. दमलीये बिचारी. पोरांना प्रोत्साहन लागतं, हे तिला कोण सांगणार?
बस अजून बंदच. घर खायला उठलंय.

१५ जानेवारी
छताला ताणल्या जाणाऱ्या कापडाचा झोका टांगला. आत शिरलं की अंग घट्ट आवळतं, मुलांना बरं वाटतं म्हणे. ब्रिट जिन्यात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, "आणि आता ती येतेय..."
गेली.

१६ जानेवारी, शुक्रवार
ओक्रेनेट्झबाई खोली छान म्हणाल्या. मी आणखी कौतुकासाठी थांबलो. त्यांनी विचारलं, ब्रिट इअरमफ कधी घालते? लॉर्नाने लिहून ठेवलं होतं. प्रत्येक वेळी मी नुकताच खोलीत आलेलो.
योगायोग. थंडीनेही कान दुखतात.

१७ जानेवारी, संध्याकाळ
संकल्प होता: आज एक अक्षर नाही.
दुपारी झोका तपासायला स्वतः शिरलो. शिरलो तो अडकलोच. गुडघे हनुवटीला, हात अंगाला चिकटलेले. लॉर्ना सहाला येणार. करतो काय, गप्प लटकत राहिलो.
बऱ्याच वेळाने जिन्यात पावलं वाजली. ब्रिट आली. कापडावरून माझ्या पाठीवर हात ठेवला. हलकेच एक झोका दिला. मग आणखी एक. इअरमफ काढून जमिनीवर ठेवले आणि कपाळ माझ्या पाठीला टेकवलं. सात वर्षांत पहिल्यांदा. मला रडूच आलं.
आणि माझ्या तोंडून गेलं, "गोऽऽल!"
सहाला लॉर्नाने कापड कात्रीने कापून मला बाहेर काढलं. ब्रिट वर होती, इअरमफ लावून. लॉर्नाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, झोक्याची शिवणच चुकली.
ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. शिवण अगदी बरोबर होती.