हळदीवरची राख

११ मार्च
आज वीज केंद्रातला बॉयलर पुन्हा पेटवला. आधी तेल जाळतो. त्या धुराचा चिकटा बसू नये म्हणून ईएसपी, म्हणजे चिमणीआधी राख पकडणारं यंत्र, तेवढ्यापुरतं बंद. कोळसा नीट पेटला की चालू. नव्यांना हे मीच शिकवते, आणि आज मीच विसरले! पेटवताना अलार्म ओरडतोच, म्हणून तो दाबून टाकलेला. जवळजवळ दोन तास सगळी राख थेट बाहेर. वारा गावाकडे.

१२ मार्च
गेटवर बाया. टोपल्यांत वाळत घातलेली हळद, राखेनं माखलेली. एकीनं मलाच विचारलं, "पुसून राहिलो तरी निघंना बाई. काहून केलं असं?"
"मशीन बिघडलं होतं," म्हणाले. धडधडीत खोटं.

१३ मार्च
शिफ्टचे साहेब गोड बोलले. "हॉपरमध्ये राख तुंबली, ईएसपी ट्रिप होऊन आपोआप बंद पडलं, असं लिहा. तुमचं नाव यायला नको." म्हणजे ठपका ईएसपीखालचे राखेचे हॉपर रिकामे करणाऱ्या सुखदेवदादांवर. ते ठेकेदाराकडचे.
शिफ्टच्या वहीत तसं लिहिलं. नोकरीची भीती, दुसरं काय.

१५ मार्च
दादांना कामावरून काढलं. गेटवर भेटले.
"हातोडी मारून पाह्यली ताई, हॉपर पोकळ वाजत व्हते. म्या बराबर खाली केलते. तुमी सांगा ना साहेबाला, तुमचं ऐकतेत."
बघते म्हणाले. स्वतःची किळस आली.

१६ मार्च
कॉम्प्युटरवरचा त्या दिवसाचा आलेख काढला. ट्रिपचा मागमूस नाही. आधीची नोंद खोडली नाही, खाली लिहिलं: 'ट्रिप झालं नव्हतं. ईएसपी चालू करायला मी विसरले. हॉपर रिकामे होते.' सही केली. साहेबांनी वही ठेवून घेतली. "दोन दिवस विचार करा."

१८ मार्च
वही अजून साहेबांच्या कपाटात. वर पाठवतील की नाही, कळत नाही. मला कंट्रोल रूममधून हलवलंय.
दुपारी कनेरगाव नाक्याला दादांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. वहिनी चहा टाकायला उठल्या. दादांनी हातानंच थांबवलं. मग खाली बघत म्हणाले,
"मंग त्या दिशी गेटवर काहून न्हाई बोलल्या, ताई?"