चादरीचा कोट

६ जानेवारी १९७४, रविवार
नवी वही. निश्चय: पहाटे उठणे, कमी बोलणे, नेम सुधारणे. आज आठला उठलो. आणि सभा होती, म्हणून कमी बोलणे उद्यापासून.

रायफल क्लबची तातडीची बैठक. गावाबाहेरच्या आमच्या रेंजची परवानगी फेब्रुवारीअखेर संपते. तिथल्या वस्तीवरच्या केराबाईंनी कलेक्टरसाहेबांकडे तक्रार केली आहे. दर रविवारी लुंगी नेसलेली, थंडीमुळे तोंडाला टॉवेल गुंडाळलेली माणसं बंदुका घेऊन येतात, दरोडेखोर वाटतात, त्यांना बघून म्हशी पान्हा चोरतात, अशी. २४ फेब्रुवारीच्या स्पर्धेला साहेब जातीने येऊन बघणार. नाही पटलं तर रेंज बंद.

मी उठलो. पाऊण तास बोललो. ग्रीस आलं, रोम आलं, मराठ्यांची घोडदळं आली. लोक बंदुकीला भीत नाहीत, बंदुकीमागच्या लुंगीला भितात, या वाक्यावर मला स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटली. त्या आवाजाने अध्यक्ष सिद्धप्पा जागे झाले. ते चादरींचे कारखानदार, दुपारी जेवल्यावर बसल्या जागी झोपतात. कानडीत म्हणाले, आयतु, आयतु, म्हणजे ठरलं, हे काम चन्नवीरनंच करावं. एकमताने पोशाखप्रमुख झालो.

घरी येऊन बायकोला, हेमावतीला सांगितलं. तिने विचारलं, पोशाखप्रमुखाला जेवायला आत्ता वाढू का ग्रीसहून आल्यावर. बायकांना इतिहासाची गोडी लावायला हवी.

९ जानेवारी
खाकीची सूचना आली. फेटाळली, लोक पोलीस समजतील. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे घालतात तशी पांढरी बाराबंदी सुचवली गेली. मान आहे, पण बारा गाठींवर पोट ठेवून नेम धरता येत नाही. हीही फेटाळली.

खऱ्या नेमबाजाचा कोट जाड असतो. रायफलचा धक्का झेलतो, कोपराला आधार देतो. परदेशी मासिकात बघितला आहे. परदेशातून मागवायची ऐपत नाही. आणि एकदम सुचलं. जगात सगळ्यांत जाड कापड कुठं विणतात? आपल्याच गावात.

कोट चादरीचा. खाली पांढरीशुभ्र पँट. सोलापूरचा नेमबाज सोलापूर पांघरून उभा राहील. उद्या सिद्धप्पांकडे जातो.

१० जानेवारी
सिद्धप्पा म्हणजे कर्ण. गोदामात एक लॉट पडून होता, लाल जमीन, त्यावर हिरवे मोर. फुकट दिला. उलट माझेच आभार मानले. म्हणाले, दोन वर्षं जागा अडली होती. फक्त एकच सांगितलं, धुवू नका. कारण विचारलं नाही. दात्याला कारणं विचारू नयेत. शिवाय मी वीस वर्षं सुताची एजन्सी चालवतो. कापड मला डोळे मिटून कळतं.

१५ जानेवारी
हेमावतीबरोबर गड्ड्यावर. फुगे फोडायच्या स्टॉलवर सहज एअरगन हातात घेतली. स्टॉलवाल्याच्या कंदिलाची काच गेली. बंदुकीची नळी वाकडी होती. हेमावतीने त्याच वाकड्या नळीने फुगे फोडले, कारण तिला नळी वाकडी आहे हे माहीत नव्हतं. अज्ञानाचाही उपयोग असतो.

खरा मुद्दा पोशाखाचा. धोतरात नेम लागत नाही.

२७ जानेवारी, रविवार
सगळ्यांचे कोट तयार. शिंपी ईश्वरप्पाने दोन सुया मोडल्या. मशीन कुरकुरतंय म्हणाला, आणि हे अंगात घालायचंय का दारात टांगायचंय. मोर बरोबर छातीवर बसवून घेतलेत. कोटाला खळ इतकी की जमिनीवर ठेवला तर एकटा उभा राहतो. बाणेदार कोट आहे.

रेंजवर पहिली चाचणी. आमचे प्रशिक्षक जोतीराम हवालदार, मोहोळकडचे, फौजेतून रिटायर. कोट घालून म्हणाले, लई ताठ हाय ओ, हात वरच जात न्हाय. मी म्हटलं, सवयीने जाईल. ते म्हणाले, सवय हाताला लावायची का कोटाला.

मग कॉलरचं काढलं. म्हणे शेजारच्याच्या रायफलीतनं काडतुसाची तापलेली रिकामी पुंगळी उडती, कॉलर उघडी ठेवली तर मानेतनं आत जाती, लई पोळतं, वरचं बटन लावा. मी ठाम नकार दिला. वक्त्याचा गळा मोकळाच हवा.

आज माझ्या गोळ्या टार्गेटला लागल्या नाहीत. कोट नवा आहे.

३ फेब्रुवारी
लागल्या नाहीत. पोटावर झोपल्यावर कोटामुळे उठता आलं नाही. दोघांनी उचललं. यातून क्लबमध्ये बंधुभाव वाढतो.

कुंपणापलीकडून केराबाई म्हशींसह बघत होत्या. मी नमस्कार केला. कोटात हात जोडता येत नाहीत, म्हणून नुसता वाकलो. त्यांनी हवालदारांना विचारलं, ह्यो बँड कुठला म्हनायचा, मोहोळचा का?

भीती गेली, कुतूहल आलं. धोरणाला यश.

१७ फेब्रुवारी
उकाडा सुरू. सगळे कुरकुरतात. एकाने मानेवर लालसर डाग दाखवला. मी म्हटलं, उष्णतेने पित्त उठलंय, ताक प्या. हेमावती माझ्या बनियनकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुमच्याही बनियनला पित्त उठलंय. दुर्लक्ष केलं.

स्वागताचं भाषण तयार. विषय: 'वस्त्र आणि विश्वास'. छोटं आहे, तासाभराचं.

२३ फेब्रुवारी
उद्या. पांढरी पँट स्वतः इस्त्री केली. निश्चय: उद्या साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचं. रेंज वाचणार. माझ्यामुळे.

२५ फेब्रुवारी, सोमवार
काल लिहिता आलं नाही. आज हात हलतो.

जमेल तसं लिहितो. उन्हं चढली तरी साहेबांचा पत्ता नव्हता. आम्ही सगळे मोरांसह रांगेत उभे. घामाच्या धारा. साहेब जीपमधून उतरले, आमच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि सिद्धप्पांना विचारलं, वाजवायला कधी सुरुवात करणार. मग उशीर झाला म्हणून माझं भाषण शेवटी ढकललं. अन्याय. मी गिळला.

पोटावर झोपलो. नेम धरला. डावीकडच्याने बार उडवला, बोल्ट मागे ओढला, आणि त्याच क्षणी माझ्या मानेखाली निखारा पडल्यासारखं झालं. पाठीतून आग खाली गेली. ओरडलो. दोघांनी उचलून उभं केलं. खाली बघितलं तर कमरेपासून गुडघ्यापर्यंत पांढरी पँट लाल.

मी परत आडवा झालो.

हवालदारांनी फायर बंदचा हुकूम दिला. केराबाईंनी कुंपणापलीकडून बोंब ठोकली, गोळी लागली, बँडवाल्याला गोळी लागली. साहेबांनी मला स्वतःच्या जीपमध्ये घातलं. स्पर्धा बघायला आलेली हेमावती शेजारी बसली.

मी शांत होतो. मरणासमोर माणसाचं चारित्र्य दिसतं. मी बोलायला लागलो. 'वस्त्र आणि विश्वास' अनायासे तयार होतंच, त्याला निरोपाची जोड दिली. कुणाच्या हातून गोळी सुटली असेल त्याला क्षमा केली. सिद्धप्पांना क्षमा केली. रेंज बंद करू नका, माझं रक्त तिथे सांडलं आहे, असं साहेबांना सांगितलं. साहेबांनी मान खाली घातली होती, खांदे हलत होते. तेव्हा वाटलं रडतायत. हेमावतीने मध्येच विचारलं, कपाटाची किल्ली कुठं ठेवलीय. मी तिलाही क्षमा केली.

दवाखान्यात डॉक्टरांनी कोट कापून काढला. आतून एक पितळी पुंगळी टणकन फरशीवर पडली. पाठीवर शेंगदाण्याएवढा भाजल्याचा डाग. डॉक्टरांनी पँटवर बोट फिरवून हेमावतीला दाखवलं आणि विचारलं, हे किती दिवस भिजत ठेवलं होतं.

रंग कच्चा होता. म्हणूनच लॉट पडून होता. म्हणूनच धुवायचं नव्हतं.

माझं भाषण अजून संपलं नव्हतं. अर्ध्यावर थांबवलं. तेवढं मात्र लागलं.

२८ फेब्रुवारी
परवानगी मिळाली.

हवालदार घरी येऊन सांगून गेले. साहेबांनी केराबाईंना बोलावून विचारलं, तुमची तक्रार कायम आहे का. बाई म्हणाल्या, कशाची तक्रार साहेब, ही गरीब मान्सं हायती, ह्येंच्यानं कुनाला काय हुतंय, आमच्या म्हशी बी बघायला हुब्या ऱ्हात्यात आता. साहेबांनी सही केली. अट एकच: मंडळींनी घरच्या साध्या कपड्यांत यावं, तोंडं उघडी ठेवून.

मी हवालदारांना समजावलं की लोकांच्या मनातली भीती पोशाखाने घालवायची, हेच माझं धोरण होतं, आणि ती गेली. ते म्हणाले, व्हय, पार गेली. चहा पिऊन हसत निघाले, दारातून माघारी आले आणि परत हसले.

कोट मोहोळच्या बँडने नेले. माझा कापलेला सोडून.

६ मार्च
अंगावरचा रंग निघत नाही. साबण, बेसन, रॉकेल, सगळं झालं. लाल मानेवर, हिरवा गालावर. छातीवर मोराची मान स्पष्ट दिसते. निश्चय: लोकांत जायचं नाही. रंगपंचमीला जायचं. त्या दिवशी सगळेच रंगलेले असतात, माझा रंग त्यात मिसळून जाईल. उत्तम योजना आहे.

१३ मार्च, रंगपंचमी
नवा पांढरा शर्ट घातला. सकाळी नऊपासून दारात उभा राहिलो, चेहऱ्यावर क्षमाशील भाव ठेवून. गल्ली भिजून चिंब. हेमावतीला ओळखता येईना इतकी रंगवली. सिद्धप्पांना मोटारीतून ओढून काढलं.

दूध घालायला आलेल्या केराबाई कुणाची तरी भरलेली बादली उचलून थेट माझ्याकडे आल्या. मी डोळे मिटले. काही झालं नाही. उघडले, तर बाई माझ्या गालाकडे, मानेकडे बघत होत्या. बादली खाली ठेवून मागच्या पोरींना म्हणाल्या, चला गं फुडं, ह्येंचं झालंय.

एकपर्यंत उभा होतो. शर्ट स्वच्छ आहे. घडी करून ठेवला.